सतरा नंबरची थरथर

जेल रोडवरच्या आमच्या कॉलनीत हिरामणअण्णा बोरसे समोरून येताना दिसले की लोक आपोआप पाठ ताठ करून चालायचे. अण्णांची सगळी नोकरी नोटांच्या प्रेसमध्ये छपाईतले दोष शोधण्यात गेली. निवृत्तीनंतर ते डॉग शोचे जज झाले. नजर तीच राहिली, कागदाच्या जागी कुत्री आली, एवढंच. कोणाचा नातू हसला तरी हे आधी त्याचे दात बघणार.

"मला बघायला आले होते ना," वत्सलाबाई ओट्यावरून आम्हाला सांगायच्या, "तेव्हा पोह्यांकडे ढुंकून बघितलं नाही, पण माझी चाल दोनदा बघितली. दात मोजले नाहीत हे नशीब."

"मोजले होते," अण्णा पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचे.

जज म्हणून त्यांच्या अपेक्षा साध्या होत्या, फक्त त्यात सूट नव्हती. चालताना कुत्र्याची पाठ सरळ राहिली पाहिजे. दात दाखवताना कुरकुर नको. आणि सगळ्यात मोठी अपेक्षा ही, की परक्या माणसाचा हात अंगावरून फिरत असताना ते निश्चल उभं राहिलं पाहिजे. थरथरलं की बाद. "देखणं कोणीही आणेल हो, मला धीराचं पाहिजे." मालकाच्या तोंडाकडे ते बघत नसत, दंडावरचा नंबर तेवढा बघत. एका कुत्र्याचा वास दुसऱ्याला लागू नये म्हणून दरवेळी हाताला सॅनिटायझर चोळत. आणि एकदा लिहिलेला शेरा काही झालं तरी खोडत नसत.

घरात मात्र वत्सलाबाईंचं राज्य. त्यांची काळी लॅब्रॅडोर, चिंगी, दुधात कुस्करलेली भाकरी खायची आणि दुपारी त्यांच्या पदरावर झोपायची. "हिला शोमध्ये नेलं तर माझं नाक कापलं जाईल," म्हणत अण्णा तिला पायरीवर बसवून दात तपासायचे, आणि ती त्यांचं नाक चाटायची.

तीन वर्षांपूर्वी वत्सलाबाई गेल्या, तेव्हा चिंगी सहा महिन्यांची होती. डोक्यापेक्षा कान मोठे. तेराव्यापर्यंत ती त्यांच्या खाटेखालून हलली नाही. अण्णांना भाकरी कुस्करणं जमेना की खाटेखाली बघणं जमेना, कोण जाणे. त्यांनी तिला इगतपुरीच्या गोटीरामांकडे दिलं. गोटीराम रेल्वेतले, जुन्या ओळखीचे. "नव्या घरी रुळू द्यावं," म्हणून अण्णा एकदाही भेटायला गेले नाहीत. तिच्यासाठी खाटेखाली अंथरलेलं गोणपाट मात्र त्यांनी काढलं नाही. आणि मधूनच कोणालाही विचारायचे, अगदी सहज विचारल्यासारखं, "कुत्रं दोन-तीन वर्षांत माणूस विसरतं का हो?"

आम्ही आपली थट्टा करायचो. "अण्णा, जज तुम्ही आणि विचारता आम्हाला?"

गेल्या डिसेंबरात एका शाळेच्या मैदानावर शो होता. काळ्या लॅब्रॅडोर माद्यांच्या वर्गात सात जणी होत्या. सतरा नंबरची मादी चालत आली तेव्हा अण्णा मनातून खूश झाले. पाठ सरळ, पाऊल मोजून टाकलेलं. त्यांनी मानेवरून, खांद्यावरून हात फिरवला. फासळ्यांपाशी आल्यावर कातडीखाली थरथर लागली. पाय रोवलेले, शेपूट स्तब्ध, आणि आतून सगळं अंग थरथरतंय. ते थांबले. पुन्हा हात ठेवला. थरथर वाढली.

त्यांनी लिहिलं: 'बांधा उत्तम. चाल उत्तम. स्वभावाने भित्री. बाद.' सॅनिटायझर चोळलं आणि पुढच्या नंबरकडे वळले.

वर्ग संपल्यावर ते चहाला बसले, तेव्हा एक मुलगी त्या मादीला घेऊन आली.

"सर, शेऱ्याचा कागद मिळेल? बाबांना दाखवायचाय. सतरा नंबर."

अण्णा कागद शोधू लागले.

"सर, ही अशी थरथरत नाही कधी. आमच्या घरामागून मालगाडी धडधडत जाते, तरी नाही. सरावाला वीस जणांनी हात लावलाय हिला."

"माझ्या हाताखाली थरथरली. मी हाताला लागतं तेच लिहितो."

मुलगी जरा घुटमळली. "बाबा म्हणाले होते, निकालाच्या आधी ओळख सांगायची नाही, सरांना आवडत नाही. मी गोटीरामांची चैताली. ही तुमची चिंगी."

अण्णांनी खाली बघितलं. खूप वेळ बघितलं. मग हळूच म्हणाले, "चिंगे."

चिंगीने चैतालीकडे बघितलं.

"जा," चैताली म्हणाली.

चिंगी आली आणि त्यांच्या गुडघ्यावर तिने कपाळ टेकवलं. थरथर मघाशी रिंगणात होती तशीच.

"रिंगणात मला वाटलं, उडीच मारते आता तुमच्या अंगावर," चैताली म्हणाली. "मी पट्टा ओढला नव्हता, सर. तीच उभी राहिली." मग चाचरत विचारलं, "ते 'भित्री' तेवढं खोडता येईल का?"

"खोडता येत नाही, बाळा."

हे बोलताना ते चिंगीच्या कानामागे खाजवत होते. चैतालीने कागद वाचला, चार घड्या घातल्या आणि पर्समध्ये ठेवला. त्या दोघींना साडेचारची गाडी गाठायची होती. चिंगी मैदानातून निघाली. फाटकापाशी दोनदा वळून बघितलं, मग चालू लागली. पाठ अगदी सरळ.

फेब्रुवारीत अण्णा आणखी एका शोला जज होते. एखादं कुत्रं थरथरलं की ते लेखणी थांबवत आणि मालकाच्या तोंडाकडे बघून विचारत, "याला आधी कोण सांभाळत होतं?" रांग खोळंबायची, संयोजक घड्याळ बघायचे. त्यानंतर बोलावणं आलं नाही.

"इगतपुरीला जाऊन या की अण्णा, तासाभराचा तर रस्ता," असं आम्ही परवा म्हटलं.

"नको," अण्णा म्हणाले. "त्या पोरीने 'जा' म्हटल्यावर आली ती. रुळलीय."