मांजरांच्या मधे येणारी माणसं

माझ्या साडूंच्या लेखी या जगात दोनच जाती आहेत. एक मांजरांची आणि दुसरी मांजरांच्या मधे येणाऱ्यांची. दुसऱ्या जातीत मी, त्यांची बायको, त्यांचं गिऱ्हाईक आणि उरलेली सगळी माणसं मोडतात. रिसोडला त्यांचं बी-बियाण्याचं दुकान आहे. ऐन पेरणीच्या दिवसांत, सोयाबीनच्या बियाण्यासाठी दारात माणसं खोळंबलेली असताना, हा गृहस्थ पोत्यांच्या थप्पीपुढे पालथा पडून मांजराच्या नाकाशी कॅमेरा धरून असतो. कोणी खाकरलं तर हातानंच गप्प करतात. मांजर उठून गेलं तर दोष गिऱ्हाइकाचा.

बरं, फोटो तरी कसा? पूर्ण मांजर त्यात कधीच नसतं. कान कापलेले, शेपटीचा पत्ता नाही, चौकटभर नुसता चेहरा, आणि तोही काळा-पांढरा. एवढ्या महागाच्या कॅमेऱ्यातून रंग कशाला घालवता, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, “रंग दिसला का मानूस रंगच पाह्यते साडूभाऊ, डोयाकडं कोनी पाह्यत नाई.” सगळे मिळून शिरपूरला देवदर्शनाला गेलो, तर हे देवळाबाहेर पायरीवरच्या एका बोक्यापाशीच बसून राहिले. त्यांच्यापायी परतीची एसटी गेली आणि लेकराबाळांसकट आम्ही जीपची वाट पाहत उन्हात उभे. पुढे आमच्या वास्तुशांतीला त्यांनी त्याच बोक्याचा हातभर फोटो चौकटीत घालून आणला. आमच्याकडे भिंतीवरचा काळा-पांढरा फोटो म्हणजे गेलेलं माणूस, हे त्यांच्या गावीही नाही. माझ्या आत्यानं बोक्याला आधी नमस्कार केला आणि मग चष्मा लावला.

अशा माणसाकडूनच फोटो काढून घ्यायचा हट्ट माझ्या आईनं धरावा, हे माझं नशीब. भिंतीवर बाबांचा जुना काळा-पांढरा फोटो आहे. आपल्यामागं आपलाही तसाच फोटो त्यांच्या शेजारी लागावा, एवढीच तिची इच्छा. मोबाइलमध्येही रंग घालवता येतो, हे मी परोपरीनं सांगितलं. “मांजराचा एवढा चांगला काढते, त माहा काहून नाई काढनार?” ती म्हणाली.

ठरल्या दिवशी आई नवं लुगडं नेसून, हात मांडीवर ठेवून, श्वास रोखून ओसरीत बसली. साडूंनी कॅमेऱ्यातून पाहिलं आणि तो खाली ठेवला. “मावशी, तुमी फोटोसाठी बसल्या,” ते म्हणाले. मग काय पंगतीसाठी बसायचं? माझं डोकं फिरलंच होतं, तेवढ्यात शेजाऱ्यांचं मांजर आईच्या पायाशी येऊन बसलं. झालं. साडू कॅमेरा उचलून तत्काळ पालथे पडले. आई वाकून एकदा मांजराकडे, एकदा त्यांच्याकडे पाहत राहिली. ती हसत होती की चिडली होती, कोण जाणे.

पुढच्या खेपेला साडू कागदात गुंडाळलेली चौकट घेऊन आले. आतून मांजरच निघणार या खात्रीनं, काय बोलायचं ते मी ठरवून ठेवलं होतं. निघाली आई. लुगड्याचा काठ नाही, पदर नाही, कपाळही वरून कापलेलं. नुसते डोळे, सुरकुत्या आणि उमटता उमटता थांबलेलं हसू. बाबांच्या शेजारी हा लावायचा कसा? आईनं चौकट मांडीवर घेतली, पदरानं काच पुसली आणि बराच वेळ पाहत राहिली.

“हे त माही माय हाय,” ती म्हणाली.

माझ्या आजीचा फोटो कधी कोणी काढलाच नव्हता. तिचा चेहरा कित्येक वर्षांत डोळ्यांपुढे येत नव्हता, हे आईनं त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. मला रडू आलं, आणि साडूंवर रागवायचं राहूनच गेलं.

तो फोटो आता आईच्या खाटेच्या उशाशी आहे. अक्षय तृतीयेला, पितरांच्या पूजेच्या वेळी, ती त्याला स्वतःच्या हातानं हार घालते, आणि पाहुणे एकदा फोटोकडे, एकदा तिच्याकडे बघत बसतात. बाबांच्या शेजारची जागा मात्र रिकामीच आहे. “फोन लाव त्याले,” आई मधूनच म्हणते, “माहा फोटो अजून राह्यला हाय म्हनाव.” मी लावतो. साडू कुठल्यातरी मांजरापुढे पडलेले असतात. दबल्या आवाजात येतो म्हणतात आणि येत नाहीत. खरं सांगायचं तर, आता मीही त्यांना घाई करत नाही.