खुलासा जसाच्या तसा

जयदेव भोपी, राहणार बदलापूर गाव, चौदा वर्षं बातमीदार होता आणि या चौदा वर्षांत त्याचं नाव एकदाही छापून आलं नाही. उल्हासनगर कॅम्प पाचमधल्या आमच्या छोट्या दैनिकात बातमी कुणाचीही असो, वर ‘प्रतिनिधी’ एवढंच. मी त्याच्या हाताखाली शिकलो. पहिल्याच दिवशी जयदेवदादाने बजावलं होतं, “बातमी पाहिजे तेवढी काप. पण सरकारी खुलासा आला की जसाच्या तसा छापायचा. वेलांटीसुद्धा त्यांचीच.”

गेल्या वर्षी दादाच्या मुलीच्या शाळेची फी वाढली आणि सुरुचीवहिनींनी जास्त पगाराच्या नोकरीचा विषय लावून धरला. दादाने पाणीपुरवठ्याच्या एका सरकारी कार्यालयात जनसंपर्काची जागा धरली. कंत्राट सहा महिन्यांचं. साहेबांना पटलं तर मुदतवाढ.

“आता काय, खुर्चीला टॉवेल,” मी चिडवलं.

“टॉवेल साहेबांना. मला नॅपकिन.”

जाण्यापूर्वीची त्याची शेवटची बातमी चामटोलीची होती. नवे नळ बसले, फोटो निघाले, पाणी नाही. बनूबाई नावाच्या आजींनी तर नळाला बाजाराची पिशवी अडकवून ठेवली होती. आमच्याकडे जाहिराती आल्या की बातम्यांना जागा नसते. ती बातमी पाच दिवस पडून राहिली आणि नेमकी दादा रुजू झाला त्या सोमवारी छापून आली.

साडेअकराला कार्यालयात शशिकांत साहेबांनी अंक त्याच्या टेबलावर टाकला. “जयदेव, याचा खुलासा काढा. आणि हा प्रतिनिधी कोण, तेही शोधा जरा.”

“शोधतो, साहेब.”

खुलाशाचा साचा तयारच असतो. शेवटचं वाक्य तर सगळ्यांना पाठ: ‘सदर बातमी वस्तुस्थितीला धरून नाही.’ लिहायला नकार द्यावा तर पहिल्याच दिवशी नोकरी गेली. लिहावं, तर ती पिशवी त्याने स्वतः पाहिलेली.

दुपारी सहीशिक्क्याचा कागद माझ्याकडे आला. शेवटी होतं: ‘सदर बातमी वस्तुस्थितीला धरून आहे.’

मी फोन लावला. “दादा, शेवटचा शब्द बघ ना एकदा.”

“साहेबांची सही आहे?”

“आहे.”

“मग तुला काय शिकवलंय?”

छापला. जसाच्या तसा.

कार्यालयाने लेखी कबूल केल्यावर वरून फोन सुरू झाले. गुरुवारी चामटोलीत इंजिनिअर पोचले. एक व्हॉल्व्ह कुणी उघडलाच नव्हता. पाणी आलं, बनूबाईंनी पिशवीसाठी भिंतीत खिळा ठोकून घेतला.

इकडे साहेबांनी दादाकडे लेखी खुलासा मागितला. सरकारात चुकलेल्या माणसाच्या उत्तरालाही खुलासाच म्हणतात. दादाने लिहिलं, ‘टाइप करताना अनवधानाने चूक झाली.’ आमच्या अंकातली प्रत्येक ओळ दोनदा वाचून सोडणाऱ्या माणसाने. पण प्रकरण वर पाठवायचं, तर साहेबांनी न वाचता सही ठोकली हेही वर जाणार. तेव्हा ‘समज देण्यात येत आहे’ एवढ्यावर मिटलं. पुढे मुदतवाढही मिळाली. आता साहेब खुलाशाचा शेवटचा शब्द मोठ्याने वाचतात, मग सही करतात.

आणि तो प्रतिनिधी? दर महिन्याच्या अहवालात दादाच्या हातची एक ओळ असते: ‘शोध घेण्यात येत आहे.’