सीटबेल्टचा आवाज बंद करणे

“त्ये पीं-पीं बंद करून द्या, म्यॅडम. लय डोकं उठवतंय.”

काउंटरपलीकडे आबा उभे होते. म्हसवडकडचे, फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झालेले. गाडी नवी कोरी, पांढरी. बॉनेटवरचं हळदीकुंकवाचं स्वस्तिक अजून ओलं वाटावं इतकं ताजं. सुनेला माहेरी, मिरजेला सोडायला निघाले होते. वाटेत आमचं वर्कशॉप लागतं, म्हणून गाडी आत घातली.

मी सांगलीतल्या या वर्कशॉपमध्ये सर्व्हिस अ‍ॅडव्हायजर आहे. म्हणजे गाडीला काय होतंय ते मालकाकडून ऐकायचं, जॉब कार्डावर लिहायचं आणि आत मेकॅनिककडे पाठवायचं. बाई बघून बरेच जण आधी माझ्या मागे कुणी साहेब आहे का ते पाहतात. आबांनीही पाहिलं. कुणी नव्हतं, मग नाइलाजानं मला सांगितलं.

मी कार्डावर लिहिलं : सीटबेल्टचा आवाज बंद करणे. ही तक्रार आमच्याकडे रोज येते. पुढच्या सीटवर कुणी बेल्ट न लावता बसलं की गाडी ओरडते. लोकांना वाटतं गाडी बिघडली.

“पुढं कोण बसतं, आबा?”

“सून. सरकारला मांडीवर घिऊन. बेल्ट लावला की सरकार रडत्यात.”

सरकार म्हणजे नातू. वय दीड वर्ष. घराचा कारभार सध्या त्यांच्याच हातात.

मी समजावलं. समोर डॅशबोर्डमध्ये एअरबॅग असते. धडक बसली की ही पिशवी डोळ्याचं पातं लवायच्या आत फुगून बाहेर येते. मोठ्या माणसाला ती वाचवते, पण मांडीवर मूल असेल तर पिशवी आणि माणूस यांच्या मधोमध ते मूल सापडतं. त्याला मागच्या सीटवर, त्याच्या मापाच्या चाइल्ड सीटमध्येच बसवा.

“आवं, आईच्या हातातनं पोरगं सुटल व्हय? मी फौजेत डोंगरातनं थ्री टन ट्रक चालवलाय.”

“फौजेत हेल्मेटशिवाय मोटारसायकलवर बसलं तर?”

“क्वार्टर गार्डात, कोठडीत घालत्याल की.”

“मग इथं?”

“इथं आपलीच गाडी हाय.”

देशाच्या मालमत्तेची एवढी काळजी घेणारा माणूस स्वतःच्या नातवाच्या बाबतीत इतका मोकळ्या मनाचा असतो, हे पाहून मला अभिमानच वाटला.

तेवढ्यात सून आली. स्वाती तिचं नाव. गाडी थांबल्या थांबल्या ती बाथरूमला गेली होती. तिनं इकडंतिकडं पाहिलं.

“आबा, सरकार कुठंय?”

“गाडीत हाय की. रडाय लागला म्हणून चावी दिली हातात. खेळतोय. ऊन लागंल म्हणून दार लावून घेतलंय.”

एप्रिल महिना होता. दुपारची सांगली, गाडी उघड्या आवारात, इंजिन बंद, काचा वर. ऊन लागू नये म्हणून याहून चांगली सोय तंदूर भट्टीतच झाली असती.

आम्ही पळालो. स्वातीनं हँडल ओढलं. दार लॉक. चारही दारं लॉक. चावीवरचं बटण सरकारांनी दाबलेलं होतं.

काचेला काळी फिल्म होती. कपाळ टेकवून पाहिलं तेव्हा दिसलं, सरकार पुढच्या डाव्या सीटवर उभे राहून चावी चोखत होते. आम्हाला पाहून हसले. मग आमचं निम्मं वर्कशॉप जमलं आणि प्रत्येकानं दीड वर्षाच्या मुलाला बाहेरून तांत्रिक मार्गदर्शन सुरू केलं. “बाळा, वरचं बटन दाब!” “आरं, वरचं न्हवं रं, खालचं!” सरकारांनी सगळ्यांना टाटा केला आणि चावी सीटखाली टाकली.

“दुसरी चावी कुठंय?” मी विचारलं.

आबांनी घरी फोन लावला. “देव्हाऱ्यात हाय. पूजेच्या दिवशी देवाम्होरं ठेवल्याली, तितंच हाय. भाचा मोटारसायकलवरनं घिऊन निघतोय.”

“म्हसवडहून?”

“व्हय. दोन तासांत पोचतंय.”

“आबा, आत दोन तास कोण काढणार?”

आतून आता रडणं ऐकू येत होतं. चेहरा लालबुंद, केस कपाळाला चिकटलेले. आमचे मॅनेजरसाहेब एसी केबिनमधून बाहेर आले.

“काच फोडू नका हं. कस्टमरनं कंप्लेंट केली तर? आधी जॉब कार्डावर सही घ्या.”

मग रडणं थांबलं.

“झोपलं वाटतं,” आबा म्हणाले. म्हणता म्हणता ते काचेवर थापा मारत होते.

बंद गाडीत रडणारं मूल गप्प झालं की ते झोपलं असं समजायचं नसतं. मी आतून सेंटर पंच आणि हातोडी आणली. सेंटर पंच म्हणजे लोखंडावर खूण पाडायचा टोकदार खिळा.

“आगं सूनबाई, पूजा झाल्याली गाडी हाय... काच फुटनं बरं न्हवं...” आबा पुटपुटले.

स्वातीनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “ताई, फोडा. गाडी दुसरी मिळंल.”

मुलापासून सर्वांत लांबची काच निवडायची असते. ड्रायव्हरच्या मागच्या काचेच्या कोपऱ्यावर पंच टेकवला आणि हातोडी घातली. बाजूची काच साखरेसारखी चुरा होऊन पडते, तशी पडली. आत हात घालून लॉकचा खटका वर ओढला. दार उघडलं. सायरन बोंबलायला लागला. स्वाती मागच्या दारातून आडवी आत शिरली आणि तिनं सरकारांना ओढून घेतलं. अंग तापलेलं, मान सैल.

मग सायरनच्याही वरचा एक भोकाड ऐकू आलं. इतकं सुंदर रडणं मी उभ्या जन्मात ऐकलेलं नाही. मी तिथंच काचेच्या चुऱ्याशेजारी खाली बसले. आबा गाडीला टेकून लहान मुलासारखे हुंदके देत होते.

आमच्या गाडीनं त्यांना मिरजेच्या दवाखान्यात नेलं. एक रात्र ठेवून घेतलं. सरकार सुखरूप.

नवी काच बसवायला आबा परत आले तेव्हा मागच्या सीटवर चाइल्ड सीट होती. तिलाही हळदकुंकू लावलेलं होतं. स्वाती तिच्या शेजारी बेल्ट लावून बसलेली. दुसरी चावी तिच्या पर्समध्ये.

“आवाजाचं काय करू, आबा?”

“ऱ्हाऊ द्या. वराडू द्या तिला.”

पुढं कंपनीतून त्यांना रिवाजाप्रमाणे फोन गेला. तुमची तक्रार दूर झाली का? आबा खोटं बोलणारे नव्हेत. “न्हाई. आवाज अजून येतोय,” म्हणाले. कंपनीनं तेवढंच टिपून घेतलं. सोमवारच्या मीटिंगमध्ये साहेबांनी मला उभं केलं आणि साधा आवाज बंद करता येत नाही म्हणून सगळ्यांसमोर झापलं. काचेबद्दल मात्र त्यांनी चकार शब्द काढला नाही. प्रसंगावधान दाखवल्याबद्दल वर्कशॉपचं कौतुक झालं होतं आणि ते त्यांनी आधीच स्वीकारलेलं होतं.

आता गाडी आत आली की मी पहिल्यांदा दुसरी चावी कुठे आहे ते विचारते. बहुतेकांची देव्हाऱ्यातच असते. देव सगळ्यांना सांभाळतो हे मला मान्य आहे, पण म्हसवडहून सांगलीला यायला त्यालाही दोन तास लागतात.