आगरदांड्याची फेरीबोट आणि माझा रिव्हर्स

म्हसळ्यावरून गेलो तर दुपारच्या जेवणाला बोर्लीत पोचू, असं श्रीकांतने पनवेल सोडायच्या आधी सांगितलं, पेणला सांगितलं आणि अलिबागला शहाळं पिताना शहाळेवाल्यालाही सांगितलं. शहाळेवाला म्हणाला, "व्हय, तो रस्ता जवळचा हाय." माझ्या नवऱ्याच्या पक्षाला एक मत वाढलं. पण गाडी मी चालवत होते. श्रीकांतचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. स्टिअरिंगला हात लावायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तो काळा चष्मा लावून शेजारी बसला होता आणि प्रत्येक वळणावर आपल्या बाजूचा ब्रेक दाबत होता. त्या बाजूला ब्रेक नसतो, ही त्याची मोठी अडचण होती.

किनाऱ्याकिनाऱ्याने जायचा हट्ट माझाच. बोर्ली पंचतन हे माझ्या आत्याचं गाव. लहानपणी मे महिन्यात तिच्याकडे जाताना आगरदांड्याहून लाँचने खाडी ओलांडायची आणि पलीकडे दिघीला उतरायचं. तांडेल (लाँच चालवणारा) मनगटाला धरून उचलायचा आणि आत ठेवायचा. माणूस आणि फणस असा भेद तो करत नसे. पुढे मुलीकडे परदेशात गेले तेव्हा चकचकीत बंदरं पाहिली, फोटोही काढले. पण आवडतं बंदर कोणतं, असं कोणी विचारलं तर मी आगरदांडाच म्हणते. कोणी विचारत नाही, ते सोडा.

आता तिथे गाड्या नेणारी फेरीबोट सुरू झाल्याचं आत्याने फोनवर सांगितलं होतं. आपण स्वतः गाडी चालवत खाडीपार जायचं आणि तिच्या अंगणात हॉर्न वाजवायचा, हे मी मनाशी पक्कं केलं होतं. लायसन्स पन्नाशीला टेकल्यावर काढलेलं. घरात अजून त्याला 'आईचं ते कार्ड' म्हणतात.

नागावला होमस्टेच्या पाट्या इतक्या, की मागची नारळाची झाडं पाहायला गाडी थांबवावी लागली. काशीदच्या चढावर एकदा गाडी बंद पडली. श्रीकांतने मोठा श्वास घेतला. मुरूड मागे पडलं आणि उतारावरून खाडी दिसली.

बंदर मी ओळखलंच नाही. जिथे चिखलात एक फळी टाकलेली असायची, तिथे रुंद काँक्रीटचा धक्का. वेळापत्रकाचा फलक. वडापावची गाडी, गाड्यांची रांग, आणि समोर दिघीच्या बाजूला आकाशात मान काढून उभ्या क्रेन. पूर्वी लाँच कधी सुटणार, असं विचारलं की तांडेल "भरली की" म्हणायचा. आता फलकावर मिनिटं लिहिली होती. मला उगाच राग आला.

तो फार टिकला नाही, कारण पुढे काय चाललंय ते दिसलं. फेरीबोटीला तोंड एकच. उतरताना गाड्या सरळ निघाव्यात म्हणून चढताना सगळ्यांनी उलटं, रिव्हर्समध्ये चढायचं.

मला रिव्हर्स येत नाही असं नाही. मी आरशात बघून डावीकडे म्हणते, तेव्हा गाडीचं मत वेगळं पडतं एवढंच. त्यात सुकती (ओहोटी) लागलेली, त्यामुळे उतार जास्त आणि खालचा भाग शेवाळलेला.

पहिल्या प्रयत्नात मी वडापावच्या गाडीकडे निघाले. दुसऱ्यात बोटीचा कठडा लागला आणि डावा आरसा कानासारखा मिटला. तोवर बंदरावरचे सगळे माझे शिक्षक झाले होते. "पूर्ण कट मारा." "सोडा, सोडा." "उजवीकडे, काकी." "तुमच्या न्हाय, माझ्या उजवीकडे." शेजारून श्रीकांत वेगळंच सांगत होता, तेही न दिसणाऱ्या डोळ्याने.

बोटीवरचे खलाशी आसिफभाई काचेपाशी आले. "ताई, चावी द्या. मी लावतो. रोज कितीतरी लोकांच्या लावतो."

"दे ना," श्रीकांत म्हणाला. "यात काय कमीपणा?"

कमीपणा नव्हता. पण हा किस्सा श्रीकांत पुढची वीस वर्षं प्रत्येक लग्नात जेवणाच्या पंगतीला सांगणार होता, आणि तेही चांगला सांगणार होता. शिवाय आत्याने पहिला प्रश्न काय विचारला असता, तेही मला ठाऊक होतं.

"भाऊ, आणखी एकदा बघते," मी म्हटलं. "नाही जमलं तर चावी तुमची."

रांगेत मासळीची टोपली घेऊन एक मावशी उभ्या होत्या. त्या वाकून श्रीकांतला म्हणाल्या, "दादा, तुमी खाली उतरा बगू. बाईला एका टायमाला एकच माणूस सांगू दे."

श्रीकांत उतरला. लग्नानंतर इतक्या लवकर त्याने कोणाचं ऐकल्याचं मला आठवत नाही.

आसिफभाई गाडीच्या समोर उभे राहिले. "मागं बघू नका. माझ्या हाताकडं बघा." त्यांचा तळवा जिकडे कलला तिकडे मी चाक फिरवलं. गाडी हळूहळू उताराला लागली, पत्र्यावर धडधडली, आणि मागून कोणीतरी डिकीवर थाप मारली. आत पोचले होते. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मागच्या टेम्पोने घाई करत हॉर्न वाजवला.

खाडीत वारा भरपूर होता. उजवीकडे दूर जंजिरा होता तिथेच होता. त्याचं तरी बरं होतं. मी मावशींजवळ जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "लाँचची मजा राहिली नाही हो."

"तुमी वर्सातनं येकदा येत असाल," त्या म्हणाल्या.

"हो, मे महिन्यात."

"मग मजाच वाटनार. माजी टोपली दोनदा गेली खाडीत, त्या फळीवरनं. मासं गेलं आपल्या घरी, मी गेले माज्या घरी." त्या हसल्या. "आता सून स्कूटीवर बसवते, फेरीत घालते, बोर्लीच्या बाजारात सोडते. लांच परत आली तर मी न्हाय बसनार."

माझ्या आठवणींना कोणी इतक्या प्रेमाने गप्प केलं नव्हतं.

बोर्लीला पोचेपर्यंत जेवणाची वेळ टळून गेली होती. अंगणात हॉर्न वाजवला. आत्या बाहेर आली, गाडीभोवती फिरली, ओरखडलेल्या आरशावरून बोट फिरवलं. "फेरीत तूच चढवलीस?"

"मीच."

"कितव्यांदा?"

"तिसऱ्यांदा."

"आपल्या शेजारच्या मोरूच्या पोराला पाच खेपा लागल्या होत्या," ती म्हणाली आणि वालाचं बिरडं गरम करायला आत गेली. तांदळाच्या भाकरीबरोबर मी इतकं जेवले, की श्रीकांतला सुक्या जवळ्याची चटणी तेवढी उरली.

दोन दिवसांनी परतताना दिघीच्या धक्क्यावर आलो. सकाळची वेळ, भरती, रांगेत आमचीच गाडी. श्रीकांत न सांगता उतरला आणि भजी घ्यायला गेला. आसिफभाई पाठमोरे दोर गुंडाळत होते. मी रिव्हर्स टाकला. एकदाच चाक फिरवलं, एकदाच सरळ केलं, आणि गाडी बोटीवर अशी जाऊन बसली की जणू तिचं घर तिथेच आहे.

मी इकडेतिकडे पाहिलं. कोणीही बघितलं नव्हतं.

इंजिन बंद करून तशीच बसले. पूर्वी आगरदांड्याच्या बंदरात कोणीतरी उचलून घेतल्याशिवाय खाडी पार होत नसे, म्हणून ते मला आवडायचं. आता कोणी उचलत नाही. आपलं आपण चढायचं असतं, आणि पाणी मात्र तेवढंच छान दिसतं. आवडतं बंदर बदललं म्हणून रुसायचं तर बंदराने आपल्याकडे बघून काय म्हणावं? त्यानेही मला ओळखलं नसेलच.

मग आणखी गाड्या चढल्या. बोट सुटता सुटता आसिफभाई त्या तपासत आले. कठड्याशी भजी खात उभ्या असलेल्या श्रीकांतला त्यांनी विचारलं, "साहेब, हँडब्रेक ओढलाय ना?"

श्रीकांतने भजी माझ्याकडे रोखली. "मला काय विचारता? मी पॅसिंजर."

हँडब्रेक मी ओढलेलाच होता. तरी काच खाली केली, तो सोडला, आणि बोटीवर सगळ्यांना ऐकू जाईल असा करकरत पुन्हा ओढला.