लोगोखालचा रंग

गाडी एका सहकारी शिक्षकाला विकायचे ठरले, म्हणून तिच्या मागचा झिजलेला लोगो बदलायला मी सेलूला एका दुकानात गेलो. दुकानदाराने गरम हवा देऊन, दोरा फिरवून तो अलगद काढला. खाली भोवतालच्यापेक्षा वेगळाच निळा रंग निघाला.

“सर, गाडी मागून ठोकलेली हाय. लोगो तसाच ठेवून भवताली रंग मारलाय.”

गाडी मी बालमित्राकडून घेतली होती. तिला खरचटलेलेही नाही, असे तो म्हणाला होता. मिस्त्रीला दाखवणे म्हणजे त्याच्या शब्दावर अविश्वास, म्हणून मी ती दाखवली नव्हती. इतक्या वर्षांत तो याविषयी एकदाही बोलला नाही.

“नवा चिकटवू का?” दुकानदाराने विचारले.

मी होकारार्थी मान हलवली. त्या मित्राशी मी आता बोलत नाही. आणि सहकाऱ्याला मी अजून काही सांगितलेले नाही.