वुड रादरच्या पुढचं क्रियापद

मी जिंतूरला इंग्रजी शिकवते. आमची पोरं ‘मी जायलाय, मी करायलाय’ म्हणतच मोठी झालेली, त्यामुळे आवड सांगायची म्हटली की ‘आय अ‍ॅम प्रिफरिंग टी’ असं ठोकून देतात. जसं काही चहा आवडायचं काम अजून चालूच आहे! ओरडून ओरडून घसा बसला माझा.

माझी भाची मात्र पक्की. परभणीला रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरी करते आणि त्या नोकरीवर तिचा जीव. लग्न झालं की नोकरी सुटेल, एवढीच तिला धास्ती. परवा ताडकळसला भावाच्या घरी तिला बघायला पाहुणे आले. भावानं मला आधीच बजावलं, ‘‘अक्का, तू मधी बोलू नको.’’

मुलगा पुण्यात कंपनीत. साहेब इंग्रजीतच सुरू झाले: लग्नानंतर नोकरी, की घरी राहणं ‘प्रिफर’ करशील?

भाची शांतपणे म्हणाली, ‘‘आय वुड रादर यू स्टेड होम.’’

वा गं पोरी! वुड रादरनंतर ‘यू’सारखा दुसरा कर्ता आला की क्रियापद भूतकाळी. मी मनातल्या मनात पैकीच्या पैकी मार्क दिले.

मुलगा हसला. ‘‘स्टेड नाही, स्टे. आणि मध्ये ‘यू’ कशाला? आय वुड रादर स्टे होम.’’ मग आपल्या आईकडे वळून म्हणाला, ‘‘घरीच राहीन म्हणते.’’

‘‘लय समजूतदार हाय पोरगी!’’ आई खूश, भाऊही खूश. एका दुरुस्तीत पोरीची नोकरी गेली.

माझं डोकंच सटकलं. अर्धवट व्याकरण शिकलेल्या माणसाला दुसऱ्याच्या वाक्यातला ‘यू’, म्हणजे स्वतःलाच, खोडून घ्यायची भारी सोय! मी तोंड उघडणार, तेवढ्यात भाचीनं माझा हात दाबला.

‘‘मावशी,’’ ती त्याच्या आईला म्हणाली, ‘‘मी तसं न्हाई म्हणले. मी म्हणले, घरी यांनीच राहिलेलं बरं. मी नोकरी सोडणार न्हाई.’’

राहिलेलं. मराठीतही रूप भूतकाळाचंच, पण या वेळी ते दुरुस्त करायला कुणी पुढं आलं नाही.

पाहुणे अर्धा चहा ठेवून उठले. भाऊ माझ्यावरच उखडला, ‘‘हेच इंग्रजी शिकवलंस का तिला?’’

‘‘इंग्रजी मी शिकवलं बाबा,’’ मी म्हणाले, ‘‘पण नोकरी तिनं मराठीत वाचवली.’’