कोणीही म्हणजे कोणीही

बायजाबाईला उद्धट म्हणणारे आजही भेटतात. म्हणोत बापडे! शिरवण्याची ही आगरी बाई १९८७ साली नेरूळच्या आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर लॅबची शिपाई होती. तिच्या घरची भातशेती कॉलेजच्या जागेत गेली, त्या बदल्यात ही नोकरी मिळाली होती. लॅबच्या दारावर प्राचार्यांच्या सहीची पाटी होती: 'कोणीही खाद्यपदार्थ किंवा पाणी आत आणू नये.' चहाचा ग्लास घेऊन आत घुसणाऱ्या आम्हा पोरांना ती दंडाला धरून बाहेर काढायची, तेव्हा प्राचार्य कौतुकाने हसायचे.

खंडेनवमीला तेच प्राचार्य हळदकुंकू, पाण्याचा तांब्या आणि नारळ घेऊन कॉम्प्युटरची पूजा करायला आले. बायजाबाई दारात आडवी उभी राहिली.

"अहो, ही देवाची पूजा आहे," ते म्हणाले.

"पूजा मी पन करते. सकालीच कोयत्याला हलद लावून आलेय. कोयत्याला पानी चालतं, याला चालत नाय. पाटी तुमचीच हाय."

"बाजूला व्हा. नोकरी कोणी दिली, विसरलात?"

"तुमी नाय दिली. माझ्या शेतानं दिली."

प्राचार्य लालबुंद झाले. बायजाबाईने त्यांच्या हातातला नारळ घेतला, बाहेरच्या पायरीवर फोडला आणि सगळ्यांना खोबरं वाटलं. प्राचार्य आपला तुकडा चघळतच आत निघाले, तसा तिने पुन्हा हात आडवा घातला.

"आधी तोंडातलं संपवा. मंग आत."